सर्वेक्षणाआधी प्रश्न

प्रिय विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो, पालक बंधू-भगिनींनो आणि विश्वस्त मंडळाच्या सन्माननीय सदस्यांनो,



दरवर्षीप्रमाणे यंदाही नववी आणि अकरावीच्या वर्गांना सर्वेक्षणाचा प्रकल्प दिलेला आहे. वर्गशिक्षकांनी विषयांची यादी आमच्याकडे पाठवली आणि ती आम्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. ‘प्रदूषण : एक गंभीर समस्या’, ‘मोबाईलचे दुष्परिणाम’, ‘पाण्याचे महत्त्व’, ‘स्वच्छतेची गरज’, ‘व्यसनमुक्ती’. विषय सगळे चांगलेच आहेत. परंतु एवढ्या मोठ्या यादीत प्रश्नचिन्ह एकही नव्हते. ज्या कामात घरोघरी जाऊन लोकांना काही विचारायचे आहे, त्या कामाच्या यादीत प्रश्नच नसावा, याचा विचार आपण सर्वांनी मिळून केला पाहिजे, म्हणून या अंकात हाच विषय घेतला आहे.

‘मोबाईलचे दुष्परिणाम’ हे शीर्षक पाहा. त्यात उत्तर आधीच देऊन टाकलेले आहे. दुष्परिणाम आहेत हे ठरले. आता फक्त पन्नास लोकांच्या सह्या त्याखाली आणायच्या आहेत. मुले प्रश्नावली घेऊन जातात आणि विचारतात, ‘मोबाईलमुळे अभ्यासावर वाईट परिणाम होतो असे आपणास वाटते का?’ शाळेच्या गणवेशात दारात उभ्या असलेल्या मुलाला ‘नाही’ कोण म्हणणार? सगळे ‘हो’ म्हणतात. मग रंगीत स्केचपेनने वर्तुळालेख काढला जातो, प्लास्टिकच्या फाईलला सोनेरी दोरी बांधली जाते आणि निष्कर्ष लिहिला जातो, की मोबाईल वाईट आहे. एवढी पायपीट करून मुलाला काय नवीन कळले? जे त्याला घरून निघताना माहीत होते, तेवढेच. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? प्रश्नात शोध नसेल तर उत्तरात तो येत नाही.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. चांगला प्रश्न तो, ज्याचे उत्तर विचारणाऱ्याला खरोखर ठाऊक नाही. ज्याला विचारले, त्याला ते ठाऊक असू शकते. आणि उत्तर कोणतेही आले तरी ते ऐकायची आपली तयारी आहे. या तीन अटींपैकी पहिल्या दोन विद्यार्थ्यांनी पाळायच्या आहेत. तिसरी मात्र बरीचशी आम्हा मोठ्या माणसांच्या हातात आहे.

आपल्याच भागातले उदाहरण घेऊ. ‘पाण्याचे महत्त्व’ हा विषय प्रत्येक वर्षी येतो. आपला धार जिल्हा भूजलातील फ्लोराईडसाठी प्रदेशात ओळखला जातो. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात एका लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराईड असावे आणि दुसरा स्रोत नसेल तर जास्तीत जास्त १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. त्याहून जास्त असलेले पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले तर दातांवर पांढरे-पिवळे-तपकिरी डाग पडतात आणि पुढे हाडे व सांधेही धरतात. खेड्यांतून येणाऱ्या मुलांमध्ये असे दात आपण सर्वांनीच पाहिलेले आहेत. म्हणजे विषय खरा आहे, आपल्या पायाशी आहे. पण त्यावर प्रश्न कसा विचारावा?

पहिला प्रयत्न बहुधा असा असतो : ‘आपल्या भागातील पाणी चांगले आहे का?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे, कारण फ्लोराईडला रंग नाही, वास नाही आणि पाण्याच्या चवीवरूनही ते ओळखता येत नाही. हातपंपाचे स्वच्छ, थंडगार पाणी लोकांना चांगलेच वाटते. कधी कधी तेच जास्त दोषी असते. पाणी उकळले तरी फ्लोराईड जात नाही. जी गोष्ट जिभेला कळत नाही, ती माणसाला विचारून कशी कळणार? ती परीक्षण करूनच कळेल. त्यासाठी लोक स्वास्थ्य यांत्रिकी विभागाची प्रयोगशाळा आहे आणि २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये गावोगावच्या महिलांना पाणी तपासण्याची पेटी वापरायचे प्रशिक्षण दिले गेले आहे. तेव्हा पहिला धडा हा, की जे मोजायचे ते मोजा आणि जे विचारायचे तेवढेच विचारा.

दुसरा प्रयत्न जरा बरा असतो : ‘तुम्ही सध्या कोठले पाणी पिता?’ याचे उत्तर माणसाला नक्की ठाऊक असते. परंतु दातांवरचे डाग समजून घ्यायचे असतील तर हाही प्रश्न चुकतो. कायमचे दात हिरड्यांच्या आत घडत असतात तेव्हा, म्हणजे साधारण आठ वर्षांच्या आतल्या वयात, जे पाणी पोटात जाते त्याची खूण पुढच्या दातांवर उमटते. म्हणून चौदा वर्षांच्या मुलाचे दात आजच्या नळाविषयी सांगत नाहीत. ते सहा-सात वर्षांपूर्वीच्या हातपंपाविषयी सांगतात. नळ कालपरवा आला असेल आणि मुलाचे लहानपण मामाच्या गावी गेले असेल. तेव्हा खरा प्रश्न असा होतो : ‘तू पहिली-दुसरीत असताना घरात पिण्याचे पाणी कोठून यायचे? विहीर, हातपंप, ट्यूबवेल, नळ की टँकर?’ आणि त्याचे उत्तर मुलापेक्षा त्याच्या आईला किंवा आजीला जास्त चांगले माहीत असते, कारण पाणी तिनेच भरलेले असते. म्हणून विचारायचेही तिलाच. भर दुपारी चहाच्या हॉटेलात बसलेल्या पुरुषांना विचारून पाण्याचा प्रकल्प होत नाही.

पाहा, ‘पाण्याचे महत्त्व’ येथून निघून आपण कोठे पोहोचलो. विषय लहान झाला, पण मोलाचा झाला. आता त्यासाठी वीस घरे पुरतात. आता ते काम करणारी मुलगी पुस्तकात दात कसे घडतात ते वाचेल, कारण तिला आता ते हवे आहे. आणि समजा एखाद्या फळीतल्या एका हातपंपाभोवतीच असे दात जास्त आढळले, तर तेथल्या पाण्याचा नमुना तपासायला पाठवायला कारण मिळेल. तपासणी झाल्याशिवाय ‘हातपंप दोषी आहे’ असे मात्र लिहायचे नाही. ‘येथे तपासणी व्हावी’ एवढेच लिहायचे. सर्वेक्षणाचे बळ आणि त्याची मर्यादा, दोन्ही मुलांना एकाच वेळी समजल्या पाहिजेत.

आता शब्दांकडे येऊ. प्रश्नाचे शब्द बदलले तर उत्तर बदलते, हे अनुभवाने आपण जाणतोच. त्याचे एक प्रसिद्ध उदाहरण १९४१ सालचे, अमेरिकेतले आहे. डोनाल्ड रग नावाच्या अभ्यासकाने लोकांच्या दोन गटांना जवळजवळ एकच गोष्ट दोन तऱ्हांनी विचारली. एका गटाला विचारले, की लोकशाहीविरुद्ध जाहीर भाषणे करण्याची परवानगी द्यावी का? १०० पैकी ७५ जण ‘नको’ म्हणाले. दुसऱ्या गटाला विचारले, की अशा भाषणांवर बंदी घालावी का? ‘घालावी’ म्हणणारे ५४ निघाले. परवानगी न देणे आणि बंदी घालणे यात व्यवहारात फरक काय? पण ‘बंदी’ हा शब्द कठोर वाटला आणि २१ लोक अडखळले. म्हणून आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो, की तुमचा प्रश्न उलटा करून पाहा. ‘गणवेश सक्तीचा असावा का?’ आणि ‘मुलांना आपल्या आवडीचे कपडे घालू द्यावेत का?’ हे दोन्ही प्रश्न दहा-दहा मित्रांना विचारा आणि काय होते ते स्वतः बघा.

आपल्या देशातले उदाहरण याहून बोलके आहे. राष्ट्रीय नमुना पाहणी १९५० साली प्रा. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पुढाकाराने सुरू झाली. कोण किती खर्च करतो हे तीत घरोघरी विचारतात आणि त्यावरून देशात गरीब किती हे ठरत आले. १९९४ ते १९९८ या काळात पाहणीत एक प्रयोग झाला. काही कुटुंबांना नेहमीप्रमाणे गेल्या ३० दिवसांतला खाण्यापिण्याचा खर्च विचारला आणि काहींना गेल्या ७ दिवसांतला. सात दिवसांच्या हिशेबावरून काढलेला महिन्याचा खर्च बराच जास्त भरला. इतका, की तोच धरला असता तर देशातल्या गरिबांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली असती. कोणाच्याही ताटात एक घास वाढला नव्हता. प्रश्नातले दिवस तेवढे बदलले होते. एका प्रश्नाच्या बांधणीवर केवढी मोठी गोष्ट अवलंबून असते, हे आमच्या अकरावीच्या विद्यार्थ्यांनी यावरून समजावे.

आठवणीचा हिशेब आपल्याकडे तारखांनी होत नाही, हेही लक्षात ठेवावे. ‘गेल्या ३० दिवसांत’ म्हटले की खेड्यातली माणसे गोंधळतात. ‘मागच्या हाटापासून या हाटापर्यंत’ म्हटले की सात दिवस बरोबर आठवतात, कारण मीठ-मिरची-तेल हाटालाच येते. ‘मार्चपासून’ म्हणण्यापेक्षा ‘भगोरियापासून’ म्हटलेले लवकर कळते. शेतकऱ्याला ‘वार्षिक उत्पन्न’ विचारू नये. या साली कापूस किती क्विंटल निघाला ते विचारावे, आणि तेही त्याला सांगायचे असेल तरच.

येथे भाषेचा मुद्दा येतो आणि तो आपल्या शाळेला विशेष लागू आहे. आमचे स्वतःचे शिक्षण पदवीपर्यंत हिंदी माध्यमातून झाले. घरात मराठी, वर्गात हिंदी, बाजारात निमाडी, असाच येथल्या बहुतेकांचा दिवस जातो. प्रश्न एका भाषेत सुचतो आणि दुसऱ्या भाषेत विचारावा लागतो. तेव्हा शब्द जपून वापरावा लागतो. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण आणि मराठीत ‘शिक्षा’ म्हणजे दंड. ‘आपल्या मुलांना शाळेत शिक्षा कशी मिळते?’ असे एखाद्या मराठी आजोबांना विचारून पाहा, ते कोणत्या उत्तराला लागतील ते सांगायला नको! हा विनोद झाला. पण भिली बोलणाऱ्या आजीबाईंना पुस्तकी हिंदीत प्रश्न विचारला आणि त्यांनी नुसती मान हलवली, तर त्या मान हलवण्याला ‘हो’ धरणे हा विनोद नाही, तो अन्याय आहे. म्हणून ज्या घरची जी बोली, ती येणारा विद्यार्थी प्रत्येक गटात असावा. निमाडी किंवा भिली घरातून आलेली मुले अशा वेळी गटाचे नेतृत्व करू शकतात, आणि आम्हाला तेच हवे आहे.

भाषेवरून एक नाजूक विषय काढतो. विश्वस्त मंडळात आणि पालकांमध्ये मराठीच्या तासांची चर्चा होत असते. काही जण म्हणतात, की मुले मराठी बोलतच नाहीत, तास कशाला? काही म्हणतात, की मराठी शाळेची ओळख आहे, तास वाढवावेत. दोन्ही पक्ष तळमळीने बोलतात. परंतु आपल्या घरांमध्ये खरोखर काय बोलले जाते, हे कोणी विचारून पाहिलेले नाही. नववीच्या एका गटाने हा विषय घ्यावा, अशी आमची इच्छा आहे.

त्यात पहिला मोह होईल तो असा प्रश्न लिहिण्याचा : ‘आपली मातृभाषा कोणती?’ सगळे अभिमानाने ‘मराठी’ लिहितील आणि प्रकल्प तेथेच संपेल. जनगणनेतही हा प्रश्न असतो. त्याची व्याख्या अशी आहे, की बालपणी आई ज्या भाषेत बोलत असे ती मातृभाषा. २०११ च्या जनगणनेप्रमाणे मध्य प्रदेशात मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे १.७ टक्के होते. तो आकडा आपल्या आयांविषयी बोलतो. आपण आज संध्याकाळी काय बोललो ते सांगत नाही. त्याच जनगणनेत निमाडी सांगणारे सुमारे २३ लाख लोक ‘हिंदी’ या मोठ्या शीर्षकाखाली मोजले गेले. म्हणजे निमाडी किती, हे कोष्टकाच्या आत शिरल्याशिवाय दिसत नाही. प्रश्न तर महत्त्वाचा आहेच, पण उत्तर कोणत्या खान्यात टाकले जाते हेही तितकेच महत्त्वाचे.

म्हणून आपल्या गटाने असे विचारावे : काल संध्याकाळी आजी-आजोबांशी कोणत्या भाषेत बोललात? भावंडांशी कोणत्या भाषेत भांडलात? वडिलांना मोबाईलवर शेवटचा संदेश कोणत्या भाषेत आणि कोणत्या लिपीत पाठवला? घरात मागच्या महिन्यात मराठी छापील मजकूर कोणी वाचला, आणि काय? हे प्रश्न कोणाच्या अभिमानाला हात लावत नाहीत. ते फक्त काल काय झाले एवढे विचारतात. त्यातून कदाचित असे दिसेल, की आजीशी मराठी, भावाशी हिंदी आणि संदेश रोमन लिपीत. कदाचित असेही दिसेल, की मराठी बोलता येते पण वाचता येत नाही. तसे निघाले तर तास कमी की जास्त हा वादच बाजूला पडेल आणि तासात काय शिकवावे हा खरा प्रश्न पुढे येईल. निष्कर्ष आमच्या मनासारखे निघोत अथवा न निघोत, ते आपल्याच पत्रिकेत छापले जातील, असे आम्ही येथे सर्वांसमक्ष लिहून ठेवतो. विश्वस्त मंडळाकडूनही याच मोठ्या मनाची अपेक्षा आहे. धार, देवास, इंदूर, ग्वाल्हेर या संस्थानांच्या काळापासून आपली मराठी घरे या मुलखात रुजलेली आहेत. आपल्याविषयीची खरी माहिती ऐकण्याने ती उन्मळून पडणार नाहीत.

प्रश्न विचारण्याची परंपरा आपल्याला परकी नाही. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने १९३० साली स्थापना झाल्यावर प्रा. धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली खुद्द पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली आणि ती १९४५ व १९५२ साली दोन भागांत प्रसिद्ध झाली. कोयना धरणामुळे उठलेल्या लोकांची पाहणी डॉ. इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांनी केली. ती १९६९ साली छापली गेली. सरदार सरोवराच्या पाण्याने निसरपूर-चिखलदा भागातली घरे गेलेली पाहिलेल्या आपल्या मुलांना या पाहणीचे मोल सांगण्याची गरज नाही.

आणि शाळेतल्या मुलांनी प्रश्न विचारायचे, ही गोष्ट तर आपल्या मध्य प्रदेशातच मोठ्या प्रमाणावर करून दाखवली गेली. होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ साली रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर आणि किशोर भारती या दोन संस्थांनी सोळा शाळांत सुरू केला. पुढे १९८२ साली एकलव्य ही संस्था निघाली, तिचे एक केंद्र आपल्या शेजारच्या देवासलाही होते. ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकांत उत्तरे छापलेली नसत. प्रयोग आणि प्रश्न असत. परीक्षेला पुस्तक उघडून बसायची मुभा असे. सवालीराम नावाच्या काल्पनिक पात्राला मुले पत्रे लिहून मनातले प्रश्न विचारत. सरकारी शाळांत, खेड्यांत, पंधरा जिल्ह्यांपर्यंत हे काम पसरले होते. २००२ साली शासनाने ते बंद केले. त्याविषयी मतभेद असतील, परंतु खेड्यातल्या साध्या शाळेतले मूल स्वतःचा प्रश्न स्वतः तयार करू शकते, हे तीस वर्षांत सिद्ध झाले, यात मतभेद नसावा.

अगदी घराजवळचे सांगायचे तर आपल्या धार जिल्ह्यातले शाळाशिक्षक श्री. विशाल वर्मा यांचे नाव घ्यावे लागेल. बाग-कुक्षीच्या टेकड्यांत डायनासोरच्या अंड्यांचे जीवाश्म शोधण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात ते एक सहलेखक होते. त्यात धार जिल्ह्यातील ९२ घरट्यांतील २५६ अंड्यांची नोंद आहे. हे गोल दगड गुराखी आणि शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या पाहत आले होते. पाहणे सर्वांनी केले; ‘हे असे गोल का? एका जागी इतके का? दोन घरट्यांत अंतर किती?’ हे विचारल्यावर त्यातून विज्ञान निघाले. अंतर मोजले म्हणूनच ही घरटी दाटीवाटीने, एकमेकांजवळ होती हे कळले. आपल्या आजूबाजूला विचारण्यासारखे काही नाही, असे मनावरच्या विद्यार्थ्याने म्हणूच नये.

आता विद्यार्थ्यांसाठी काही सूचना. आपला प्रश्न वहीत लिहा आणि पुढील कसोट्या लावून पाहा.

१. माझ्या प्रश्नाच्या शेवटी प्रश्नचिन्ह आहे का, की तो निबंधाचा मथळा आहे?

२. याचे उत्तर मला आधीच ठाऊक आहे का? असेल तर प्रश्न बदला.

३. ज्यांना विचारणार, त्यांना हे खरोखर माहीत असेल का? की हे मोजून, तपासून किंवा कार्यालयातील नोंदींतून मिळवायला हवे?

४. एका प्रश्नात दोन प्रश्न शिरले आहेत का? ‘नळाचे पाणी वेळेवर आणि स्वच्छ येते का?’ यात दोन आहेत. ते वेगळे करा.

५. प्रश्नातच उत्तराकडे बोट दाखवले आहे का? ‘असे आपणास वाटत नाही का?’ हे शब्द दिसले की खोडून टाका. अकरावीच्या सांख्यिकीच्या पुस्तकात माहिती-संकलनाच्या प्रकरणात याची चांगली चर्चा आहे. ती परीक्षेपुरती वाचू नका.

६. दोन आठवड्यांत, शाळा सांभाळून, एवढ्या घरी जाणे मला जमेल का? वीस घरे नीट विचारलेली, शंभर घाईत विचारलेल्यांपेक्षा बरी.

७. उत्तर मिळाल्यावर कोण काय करू शकेल? कोणीच काही करू शकत नसेल आणि कोणाला नवे काही कळणारही नसेल, तर तो प्रश्न सोडा.

यानंतर प्रश्नावली आधी पाच जणांना विचारून पाहा. कोठे माणूस थांबतो, कोठे ‘म्हणजे काय?’ म्हणतो, तेथे खूण करा. ती खूण उत्तर देणाऱ्याच्या अज्ञानाची नसते; आपला प्रश्न तेथे कच्चा असतो.

काही गोष्टी मात्र विचारायच्याच नाहीत. कोणाचे कर्ज, आजार, घरातले भांडण, जात, धर्माविषयीची मते, यांत शिरायचे नाही. ज्यांची घरे पाण्याखाली गेली त्यांच्या दारात ‘आपणास कसे वाटते?’ असे विचारत उभे राहायचे नाही. कोणाच्या मुलाचे तोंड उघडून दात पाहायचे नाहीत. आई-वडिलांची परवानगी असेल आणि सोबत शिक्षक असतील तरच, आणि तेही मुलाने आपणहून दाखवले तर. एखाद्या घरी गोल दगडाची देव म्हणून पूजा होत असेल तर तेथे चपला काढून बसायचे आणि ऐकायचे, शहाणपण शिकवायचे नाही. कोणी ‘नाही सांगत’ म्हटले तर ‘धन्यवाद काका’ म्हणून पुढे जायचे. अहवालात कोणाचे नाव येणार नाही, हे आधी सांगायचे आणि पाळायचे. मुली एकट्या जाणार नाहीत, गटाने जातील आणि दिवेलागणीच्या आत परततील. आणि ज्यांनी वेळ दिला, त्यांना काय निघाले ते परत जाऊन सांगायचे. हे शेवटचे काम बहुतेक वेळा राहून जाते. यंदा राहू नये.

पालकांना एक नम्र विनंती आहे. आपले प्रेम आम्हाला समजते. रात्री अकरा वाजता फाईल पुरी करणारी आई आणि दुकानातून तयार तक्ते आणणारे वडील, दोघांचाही हेतू मुलाला चार गुण जास्त मिळावेत हाच असतो. आता तर मोबाईलवर विषय टाकला की तयार प्रश्नावली क्षणात हजर होते. पण दुसऱ्याचा प्रश्न घेऊन गेलेले मूल उत्तर ऐकतच नाही, ते फक्त खाने भरते. आपण मदत जरूर करा, परंतु ती वेगळ्या प्रकारची. मुलगा म्हणाला, ‘बाबा, मला विषय सुचवा’, तर विषय सुचवू नका. त्याला विचारा, ‘या आठवड्यात तुला कशाचे नवल वाटले?’ तो काही बोलला की पुढचे विचारा, ‘ते कोणाला माहीत असेल?’ बस, एवढेच. आणि मुलीने घरातच काही अडचणीचे विचारले, ‘आपल्याकडे पाणी आईनेच का भरायचे?’, तर तिला गप्प करू नका. प्रश्न विचारल्यावर घरात रागावले जाते हे जिला कळले, ती शाळेत सुरक्षित प्रश्नच विचारणार.

‘मग गुणांचे काय?’ असे आपण विचाराल, आणि ते विचारणे योग्यच आहे. सुंदर फाईलला गुण आणि कच्च्या वहीला काही नाही, अशी पद्धत असेल तर मुले फाईलच सजवणार. म्हणून यंदा शिक्षकांशी चर्चा करून असे ठरवले आहे, की प्रकल्पाच्या गुणांपैकी अर्धे गुण प्रश्नाला आणि कच्च्या वहीला राहतील. पहिला प्रश्न कोणता होता, तो का बदलला, किती वेळा खोडला, हे वहीत दिसले पाहिजे. खाडाखोड असलेली वही आम्ही आनंदाने तपासू. ‘आमचा अंदाज चुकीचा निघाला’ असे लिहिणाऱ्या गटाचे गुण कापले जाणार नाहीत. उलट अंदाज का चुकला हे नीट लिहिले असेल तर त्याचे कौतुक होईल. सजावटीला गुण नाहीत. रंगीत कागदाचे पैसे वाचतील, त्यातून पाण्याच्या नमुन्यांसाठी स्वच्छ बाटल्या आणता येतील.

शिक्षक बंधू-भगिनींनाही सांगणे आहे, की मुलाचा वेडावाकडा प्रश्न लगेच सरळ करून देऊ नका. आपण दुरुस्त केलेला प्रश्न आपला होतो, त्याचा राहत नाही. थोडा वेळ जाऊ द्या. त्याला पाच घरी जाऊन अडखळू द्या. तो स्वतःच परत येईल आणि म्हणेल, ‘सर, हे असे विचारून चालत नाही.’ त्या दिवशी शिकवायला बसावे.

विषयांची यादी आम्ही वर्गशिक्षकांकडे परत पाठवली आहे. येत्या सोमवारपासून पंधरा दिवसांच्या आत प्रत्येक गटाने एकच वाक्य लिहून द्यायचे आहे, प्रश्नचिन्हासह. त्याखाली तो प्रश्न गटातल्या कोणाला आणि कशावरून सुचला ते दोन ओळींत लिहावे. विश्वस्त मंडळातील ज्या सदस्यांना वेळ असेल, त्यांनी त्या शनिवारी शाळेत यावे आणि मुलांचे प्रश्न ऐकावेत. उत्तरे देण्याची घाई मात्र करू नये.

सर्व विद्यार्थ्यांना मनःपूर्वक शुभेच्छा.

आपले स्नेहांकित,
प्राचार्य